धूर एकाचा, खाते दुसऱ्याचे : लक्झेंबर्गची कार्बन-खतावणी

शेअर बाजाराशी ज्यांचा जुना परिचय आहे, त्यांना लक्झेंबर्ग हे नाव नवे नाही. १९९२ साली रिलायन्स इंडस्ट्रीजने भारतीय कंपन्यांमध्ये पहिल्यांदा जीडीआरच्या मार्गाने परदेशी भांडवल उभारले, तेव्हा त्या जीडीआरची नोंद लक्झेंबर्गच्या शेअर बाजारात झाली होती. पुढे अनेक भारतीय कंपन्यांनी तीच वाट धरली. त्यामुळे नाव कानावरून गेले, देश मात्र अपरिचितच राहिला. जर्मनी, फ्रान्स आणि बेल्जियम या तीन शेजाऱ्यांच्या मधोमध वसलेल्या या ड्यूकच्या राज्याचे क्षेत्रफळ अवघे २,५८६ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या गोव्याच्या सुमारे सत्तर टक्के. लोकसंख्या पावणेसात लाखांच्या आसपास. दरडोई उत्पन्नात हा देश जगात अग्रस्थानी गणला जातो, आणि गुंतवणूक निधींच्या व्यवसायात अमेरिकेच्या खालोखाल त्याचा क्रमांक लागतो.

पैशाच्या हिशेबात मुरलेल्या या देशाला दरवर्षी आणखी एक हिशेब लिहावा लागतो. तो आहे धुराचा. १९९२ मध्ये झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक करारानुसार प्रत्येक विकसित देशाने आपल्या हद्दीत वर्षभरात किती हरितगृह वायू हवेत सोडले, याची तपशीलवार यादी सादर करावयाची असते. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड असे निरनिराळे वायू एकाच मापाने मोजता यावेत म्हणून त्यांचे कार्बन डायऑक्साइडच्या टनांत रूपांतर केले जाते, जसे निरनिराळ्या देशांची चलने शेवटी रुपयांत मांडून ताळेबंद तयार होतो. या हिशेबाचे आरंभीचे वर्ष सर्वसाधारणपणे १९९० धरले जाते.

लक्झेंबर्गची ही वही उघडली की पहिली नोंद दिसते ती १ कोटी ३० लाख टनांच्या आसपासची. तेव्हाची लोकसंख्या ३ लाख ८० हजारांच्या घरात होती. म्हणजे माणशी तेहतीस-चौतीस टन. भारताचा आजचा दरडोई आकडा तीन टनांच्या आत आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या नोंदीचा भार कळतो. त्यानंतर आठच वर्षांत, १९९८ मध्ये, आकडा नव्वद लाखांच्या खाली आला. एखाद्या देशाने आपले उत्सर्जन आठ वर्षांत तिसऱ्या हिश्शाने कमी करावे, ही गोष्ट साधी नव्हे. पण पुढची पाने उलटली की कौतुक ओसरते. २००५ मध्ये आकडा पुन्हा १ कोटी ३० लाखांच्या आसपास पोहोचला. तेथून तो हळूहळू उतरू लागला. २०१९ मध्ये १ कोटी ७ लाख, २०२० मध्ये ९० लाखांच्या घरात आणि २०२२ मध्ये सुमारे ८२ लाख.

उतार, चढ आणि पुन्हा उतार. बँकेत कर्जदाराचे ताळेबंद तपासताना जाणता अधिकारी नफ्याचा आकडा पाहून थांबत नाही. तो नफा धंद्यातून आला की नोंदीची पद्धत बदलल्याने दिसू लागला, हे तो आधी पाहतो. लक्झेंबर्गच्या वहीला हीच कसोटी लावली पाहिजे. धूर खरोखर कमी झाला, की तो दुसऱ्याच्या खात्यावर नावे टाकला गेला? आणि जेथे धूर वाढला, तेथे तो खरोखर या देशाचा होता काय?

तांबड्या मातीचे देणे

पहिला उतार समजण्यासाठी देशाच्या दक्षिण टोकाला जावे लागते. फ्रान्सच्या सीमेला लागून असलेल्या या पट्ट्याला तांबड्या मातीचा प्रदेश म्हणतात. मातीचा रंग लोखंडाचा. येथील खनिजाला ‘मिनेट’ असे नाव आहे. साठा विपुल, पण त्यात लोहाचे प्रमाण बेताचे आणि फॉस्फरस अधिक. फॉस्फरस राहिला की पोलाद ठिसूळ होते. त्यामुळे हे खनिज कित्येक वर्षे पायाखाली असूनही पोलादासाठी फारसे उपयोगाचे नव्हते. सिडनी गिलख्रिस्ट टॉमस या इंग्रज तरुणाने आपल्या रसायनज्ञ चुलतभावाच्या साहाय्याने १८७८-७९ च्या सुमारास यावर उपाय शोधला. भट्टीच्या आतील अस्तर चुनखडीच्या जातीचे ठेवले की फॉस्फरस मळीत उतरतो आणि पोलाद शुद्ध होते. गंमत अशी की ती फॉस्फरसयुक्त मळी दळून शेतात खत म्हणून विकली जाऊ लागली. टाकाऊ मालाचाही भाव झाला.

लक्झेंबर्गच्या कारखानदारांनी या पद्धतीचे हक्क तत्काळ मिळवले. दरिद्री शेतकऱ्यांचा हा मुलूख, जेथून लोक पोटासाठी अमेरिकेला जात, तो पाहता पाहता पोलादाचा देश झाला. इटलीहून आणि पुढे पोर्तुगालहून मजूर आले. १९११ मध्ये अनेक कारखाने एकत्र येऊन ‘आर्बेड’ ही कंपनी स्थापन झाली आणि पुढे तीच देशाची ओळख बनली. १९७४ मध्ये या चिमुकल्या देशाने ६४ लाख टनांच्या आसपास पोलाद तयार केले. पंचवीस हजारांहून अधिक माणसे त्या एका धंद्यावर थेट अवलंबून होती.

पुढच्याच वर्षी जगभर पोलादाची मागणी कोसळली. तेव्हा लक्झेंबर्गने जे केले, त्याची नोंद घेतली पाहिजे. सरकार, मालक आणि कामगार संघटना यांची त्रिपक्षीय समिती १९७७ मध्ये बसली. सरसकट कामगार काढण्याऐवजी लवकर निवृत्ती, सार्वजनिक कामांवर बदली, मजुरीत संयम आणि सर्व करदात्यांवर थोडा थोडा भार, अशी वाट काढण्यात आली. धंदा आटत होता, पण तो आटताना माणसे रस्त्यावर आली नाहीत. १९८१ मध्ये देशातील शेवटची लोहखाण बंद झाली. झोतभट्ट्या मात्र आणखी काही वर्षे चालू राहिल्या.

झोतभट्टीत खनिजातून लोखंड काढण्यासाठी कोक जाळावा लागतो. तो केवळ उष्णतेसाठी नव्हे; खनिजातील ऑक्सिजन ओढून घेण्याचे कामही त्यातील कार्बनच करतो. म्हणून या मार्गाने एक टन पोलाद करताना सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. १९९० च्या वहीतील माणशी तेहतीस-चौतीस टनांमागे मुख्यतः या भट्ट्या होत्या. नव्वदच्या दशकात आर्बेडने त्या एकामागून एक बंद केल्या आणि त्यांच्या जागी विजेवर चालणाऱ्या आर्क भट्ट्या आणल्या. या भट्ट्यांत खनिज नव्हे, तर भंगार वितळवतात. खनिजापासून लोखंड वेगळे करण्याचा खटाटोपच नसल्यामुळे कोक लागत नाही. बेलव्हाल येथील शेवटची झोतभट्टी १९९७ मध्ये थंडावली. पोलादाचा धंदा संपला नाही; डिफरडांजच्या कारखान्यात लाटलेल्या अजस्र तुळया आजही जगभर जातात, न्यूयॉर्कच्या नव्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्येही त्या बसल्या आहेत. धूर मात्र वहीतून गेला.

हा धूर कोठे गेला? काही अंशी तो खरोखरच नाहीसा झाला, आणि हे श्रेय द्यावयास हवे. भंगारापासून पोलाद करणे हा खनिजापासून करण्यापेक्षा किती तरी स्वच्छ मार्ग आहे. परंतु आर्क भट्टीला प्रचंड वीज लागते, आणि लक्झेंबर्ग आपली बहुतांश वीज शेजाऱ्यांकडून, मुख्यतः जर्मनीकडून घेतो. त्या काळी जर्मनीत वीज मोठ्या प्रमाणावर कोळशावर होत असे. नियम असा की वीज जेथे निर्माण होते तेथे तिचा धूर नोंदवावयाचा; जेथे वापरली जाते तेथे नव्हे. म्हणजे लक्झेंबर्गच्या वहीतून कोक वजा झाला, पण विजेचा धूर शेजाऱ्यांच्या वहीत चढला.

आणि एक भट्टी तर अक्षरशः देशांतर करून गेली. बेलव्हालच्या तीन झोतभट्ट्यांपैकी ‘सी’ ही सर्वांत मोठी आणि सर्वांत नवी. १९९६ मध्ये ती विकली गेली, तिचे भाग सुटे करण्यात आले आणि ते चीनमधील कुनमिंगला गेले. उरलेल्या दोन भट्ट्या स्मारक म्हणून जतन केल्या आहेत. त्यांच्या पायथ्याशी आता लक्झेंबर्ग विद्यापीठाच्या इमारती आहेत, विद्यार्थी त्यांच्या सावलीत बसून अभ्यास करतात. कार्बनच्या खतावणीत ‘हस्तांतरण’ या शब्दाचा याहून रोखठोक दाखला मिळणे कठीण.

पुलापलीकडचा पेट्रोल पंप

आता चढाकडे वळू. १९९८ ते २००५ या सात वर्षांत सुमारे चाळीस लाख टन कोठून आले? त्यांतील एक भाग सहज सापडतो. २००२ मध्ये एश-सुर-अल्झेट या गावी नैसर्गिक वायूवर चालणारे मोठे वीजकेंद्र सुरू झाले आणि त्याचा धूर वहीत आला. पण मोठा वाटा रस्त्याचा. १९९० मध्ये वाहतुकीचे उत्सर्जन सव्वीस लाख टनांच्या आसपास होते. २००५ मध्ये ते सत्तर लाखांच्या पुढे गेले. एवढ्या लहान देशातील माणसे अचानक तिप्पट वाहने चालवू लागली असतील, असे कोणी म्हणणार नाही.

खुलासा सीमेवर मिळतो. लक्झेंबर्गने डिझेल व पेट्रोल यांवरील अबकारी कर आणि मूल्यवर्धित कर शेजाऱ्यांपेक्षा कमी ठेवला. मोझेल नदीकाठच्या वासरबिलिग या गावाला लागून जर्मनीची हद्द सुरू होते. त्या छोट्या गावात पेट्रोल पंपांची रांगच रांग आहे. बेल्जियमच्या सीमेवरील मार्तेलांज येथे तर रस्त्याची एक बाजू बेल्जियमची, दुसरी लक्झेंबर्गची. पंप सगळे लक्झेंबर्गच्या बाजूला. राजधानीच्या दक्षिणेस महामार्गावरील बेरशेमचा पंप युरोपातील सर्वांत मोठ्या पंपांत गणला जातो. बेल्जियमच्या बंदरांकडून जर्मनीच्या किंवा फ्रान्सच्या अंतर्भागात जाणारा ट्रकचालक टाकी येथे भरतो आणि पुढे जातो. शेजारच्या देशांतून रोज कामाला येणारे नोकरदार सव्वादोन लाखांच्या आसपास आहेत. तेही घरी परतताना टाकी भरतात. आणि काही जण केवळ टाकी भरण्यासाठीच येतात. पंपाशेजारच्या दुकानातून तंबाखू, मद्य आणि कॉफीही नेतात, कारण त्यांवरही कर कमी. या व्यवहाराला तेथे ‘टाकी-पर्यटन’ असेच नाव पडले आहे. दोन हजारच्या दशकात देशात विकल्या गेलेल्या इंधनापैकी साधारण तीन चतुर्थांश इंधन परदेशी वाहनांच्या टाक्यांत जात होते.

आता हे डिझेल जळते कोठे? बव्हंशी जर्मनीत, फ्रान्समध्ये, बेल्जियममध्ये. त्याची नोंद मात्र लक्झेंबर्गच्या वहीत, कारण रस्त्यावरील इंधनाचा नियम असा आहे की ते जेथे विकले गेले तेथे त्याचा धूर धरावयाचा. हा नियम पहिल्या ऐकण्यात अन्यायाचा वाटतो. पण व्यापाऱ्याला त्यामागचे तत्त्व लगेच उमगेल. विक्रीला पावती असते, कर भरल्याचा पुरावा असतो. कोणत्या ट्रकने कोणत्या देशात किती लिटर जाळले याला पुरावा नसतो. पुराव्याविना नोंद नाही, हे हिशेबाचे पहिले सूत्र येथे पाळले गेले आहे.

शिवाय लक्झेंबर्गला या नियमाविरुद्ध फारशी तक्रार करण्याचा नैतिक अधिकारही नव्हता. धूर शेजाऱ्याच्या हवेत जात होता, कर मात्र स्वतःच्या तिजोरीत येत होता. दर लिटरमागे कर कमी, पण लिटर इतके प्रचंड की एकूण वसुली मोठी. दुकानदारीत ज्याला कमी नफा आणि जास्त उलाढाल म्हणतात, तेच धोरण एका सार्वभौम राष्ट्राने चालवले होते. उत्पन्न हवे असेल तर त्यासोबतची नावे बाजूही आपलीच, एवढाच त्या नियमाचा अर्थ.

या दुहेरी स्थितीतून एक अवघड प्रसंग उभा राहिला. क्योटो करारानंतर जून १९९८ मध्ये युरोपीय संघाच्या पंधरा सदस्यांनी आपापसात कपातीचे वाटप केले. त्यात लक्झेंबर्गने २००८ ते २०१२ या काळासाठी २८ टक्के कपात स्वीकारली. पंधरा देशांतील हा सर्वांत मोठा आकडा. जर्मनी आणि डेन्मार्कने २१ टक्के घेतले होते. पण वर्ष पाहावे. १९९८ मध्ये झोतभट्ट्या बंद होऊन वर्ष उलटले होते आणि उत्सर्जन २८ टक्क्यांहून अधिक उतरलेलेच होते. हाती आलेली रक्कम मोजून शब्द दिला गेला. पुढे खर्च किती वाढेल याचा अंदाज घेतला गेला नाही. तो वाढला. वर्षाला ९५ लाख टनांच्या घरातील मर्यादा असताना प्रत्यक्ष उत्सर्जन १ कोटी २० लाखांच्या आसपास राहिले. उरलेली तूट लक्झेंबर्गने परदेशांतून कार्बन-श्रेय विकत घेऊन भरून काढली. करारात त्याला पूर्ण मुभा होती. तरीही पंपावर मिळालेल्या कराचा एक भाग त्याच पंपाच्या धुरापायी बाहेर द्यावा लागला, हे त्या अर्थखात्याच्या लक्षात आले नसेल असे नाही.

ट्रकच्या डिझेलचा नियम इतका कडक, तर विमानाच्या इंधनाचे काय, असा प्रश्न साहजिक आहे. लक्झेंबर्गचे फिंडेल विमानतळ मालवाहतुकीसाठी युरोपातील प्रमुख विमानतळांपैकी एक आहे. १९७० मध्ये स्थापन झालेली कार्गोलक्स ही कंपनी तेथूनच आपली अवाढव्य मालवाहू विमाने जगभर पाठवते. परंतु आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी भरलेले इंधन कोणत्याच देशाच्या बेरजेत धरत नाहीत. ते वहीच्या तळाशी केवळ माहितीसाठी लिहिले जाते. म्हणजे वासरबिलिगला भरलेले शंभर लिटर डिझेल देशाच्या माथी, आणि फिंडेलला भरलेले लाखभर लिटर कोणाच्याच माथी नाही.

पोलादाच्या बाबतीतही असेच. २००२ मध्ये आर्बेड फ्रेंच आणि स्पॅनिश कंपन्यांत विलीन होऊन ‘आर्सेलर’ झाली. जानेवारी २००६ मध्ये राजस्थानातील सादुलपूर येथे जन्मलेल्या लक्ष्मी मित्तल यांनी ती विकत घेण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा युरोपात खळबळ उडाली. लक्झेंबर्गचे सरकार साडेपाच टक्क्यांहून अधिक भागांचे मालक होते, आणि पंतप्रधान ज्याँ-क्लोद युंकर यांनीही आरंभी विरोध दर्शवला. जूनअखेर करार झाला. आर्सेलरमित्तलचे मुख्यालय आजही लक्झेंबर्गमध्ये आहे. या कंपनीच्या जगभरातील भट्ट्यांचे उत्सर्जन लक्झेंबर्गच्या एकूण उत्सर्जनाच्या दहा पटींहून अधिक भरते. त्या देशाच्या वहीत त्यातील किरकोळ अंशच येतो, कारण वही हद्दीची आहे, मालकीची नाही. तेथील निधींतून जगभरच्या तेल आणि कोळसा कंपन्यांत गुंतवलेल्या पैशाचेही तसेच. हद्दीचा नियम चूक आहे असे नव्हे. प्रत्येक टन एकदाच आणि एकाच ठिकाणी मोजला जावा यासाठी कोठेतरी रेघ ओढावीच लागते. पण रेघ कोठे आहे हे ठाऊक असल्याशिवाय आकडा वाचू नये.

दुसरा उतार

२००५ नंतरचा उतार असा टप्प्याटप्प्याने वाचावा लागतो. एशचे वायूवरील वीजकेंद्र २०१६ मध्ये बंद झाले. ते हवामानाच्या कळकळीने नव्हे. युरोपच्या बाजारात वीज स्वस्त झाली आणि केंद्र परवडेना. त्याच वर्षी सरकारने करवून घेतलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. टाकी-पर्यटनातून मिळणारा कर एका बाजूला आणि प्रदूषण, आरोग्य, अपघात, कोंडी यांची किंमत दुसऱ्या बाजूला मांडली, तर नावे बाजू जड ठरते, असा त्याचा निष्कर्ष होता. त्या किमतीचा बराचसा भार शेजारी देशांतील लोक सोसत होते. सरकारला हे अपरिचित नसावे. पण आपल्याच पैशाने तपासनीस नेमून त्याचा अहवाल प्रसिद्ध करणे, याला थोडे धैर्य लागते.

१ मार्च २०२० पासून देशातील बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग सर्वांसाठी विनामूल्य झाला. संपूर्ण देशासाठी असे करणारा तो पहिला देश. या निर्णयाची जगभर वाखाणणी झाली. उत्सर्जनावर त्याचा परिणाम किती, हे मात्र सांगणे अवघड, कारण दोनच आठवड्यांत करोनाची टाळेबंदी आली, सीमा रोखल्या गेल्या, नोकरदार घरी बसले आणि पंपांवर शुकशुकाट झाला. २०२० चा आकडा त्यामुळेच एकदम खाली दिसतो. शिवाय तिकीट फुकट झाले तरी ट्रकचालक काही ट्राममध्ये बसत नाही.

खरा घाव कराने घातला. १ जानेवारी २०२१ पासून इंधनावर प्रतिटन २० युरो कार्बन कर बसला, म्हणजे डिझेलच्या लिटरमागे सुमारे पाच सेंट. दरवर्षी त्यात पाच युरोंची भर पडत गेली. वसुलीतील एक भाग अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना सवलतीच्या रूपाने परत देण्याची तरतूद झाली. डिसेंबर २०२० मध्ये संमत झालेल्या कायद्याने २०३० पर्यंत ५५ टक्के कपातीचे लक्ष्य ठरले. त्याची तुलना २००५ शी करावयाची आणि युरोपच्या कार्बन-बाजारात मोडणारे मोठे कारखाने त्यातून वगळायचे. आधारवर्ष म्हणून २००५ हे शिखराचे वर्ष आहे, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आले असेलच. मात्र हे आधारवर्ष संपूर्ण युरोपीय संघाने घेतले आहे. लक्झेंबर्गने ते सोयीसाठी निवडलेले नाही.

२०२२ चा ८२ लाखांचा आकडा या सर्वांपेक्षा मौजेचा आहे. युक्रेनच्या युद्धामुळे तेल महागले, तेव्हा जर्मनीने जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांसाठी इंधनावरील कर घटवला, आणि फ्रान्सनेही दर लिटरमागे सवलत दिली. सीमेवरील भावातील फरक आकुंचन पावला आणि लक्झेंबर्गच्या पंपांवरील विक्री घटली. म्हणजे जर्मनीने आपले डिझेल स्वस्त केले आणि लक्झेंबर्गच्या वहीत धूर कमी झाला. वातावरणाच्या दृष्टीने त्यात कपात काहीच नव्हती. नोंद मूळ मालकाकडे परत गेली, इतकेच.

याचा अर्थ सारीच कपात कागदावरची आहे असे समजणे मात्र लक्झेंबर्गवर अन्याय करणारे ठरेल. १९९० पासून लोकसंख्या पाऊणपट वाढली असताना एकूण उत्सर्जन तिसऱ्या हिश्शाहून अधिक उतरले आहे. नव्या घरांना उष्णता कोंडून ठेवणाऱ्या भिंती आणि खिडक्या बंधनकारक झाल्या आहेत. नव्याने विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी चौथा हिस्सा विजेच्या आहेत. स्वस्त इंधनासाठी वाकडी वाट करून येणारे ट्रक कमी झाले, तेवढा धूर खराच वाचला. दरडोई आकडा चौतिसावरून बारा-तेरा टनांवर आला आहे. तरीही तो युरोपच्या सरासरीहून बराच वर आहे.

कुनमिंगला गेलेल्या भट्टीची दुसरी बाजू आता उलगडू लागली आहे, आणि ती आपल्याकडील निर्यातदारांच्या दारापर्यंत येते. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून ‘सीबॅम’ नावाची व्यवस्था सुरू केली. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते अशा मालाबरोबर तो तयार करताना किती कार्बन हवेत गेला याचे विवरण आयातदाराने द्यावयाचे. १ जानेवारी २०२६ पासून त्यावर पैसेही मोजावयाचे. वर्षाला ५० टनांपेक्षा कमी माल मागवणाऱ्या आयातदाराला यातून सूट आहे. पोलादी नट-बोल्ट आणि स्क्रूसुद्धा यादीत आहेत. खरा आकडा देता आला नाही, तर संघाने ठरवलेला आकडा गृहीत धरला जातो, आणि तो सहसा पुरवठादाराला तोट्याचा असतो. ज्याने आपल्या कारखान्याची इंधनाची बिले नीट लावून ठेवली आहेत, त्याचा माल त्यामुळे स्वस्त पडेल.

यातही एक रेघ आहेच. पोलादासाठी सध्या केवळ भट्टीतला थेट धूर मोजला जातो. विजेमागचा धूर धरत नाहीत. जालन्याच्या कारखान्यांतही भंगार विजेवर वितळवून सळई केली जाते. ती सळई मुख्यतः देशातच खपते, पण अशा मार्गाने केलेले पोलाद उद्या युरोपला गेले तर त्याच्या विवरणात महाराष्ट्राच्या औष्णिक वीजकेंद्रांचा कोळसा दिसणार नाही, जसा लक्झेंबर्गच्या १९९८ च्या वहीत जर्मनीचा कोळसा दिसला नव्हता. ही सवलत कायम राहील, या भरवशावर मात्र कोणी भांडवल गुंतवू नये.

सीमेवरच्या पंपांची कथा अजून संपलेली नाही. जर्मनीनेही २०२१ पासून इंधनावर स्वतःची कार्बन-किंमत लावली आहे. २०२५ मध्ये ती प्रतिटन ५५ युरो होती, तर लक्झेंबर्गचा कर ४० युरो. एक लिटर डिझेल जाळले की २.६५ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. या हिशेबाने केवळ कार्बन करातील १५ युरोंच्या फरकापोटी हजार लिटरच्या टाकीमागे सुमारे ४० युरो वाचतात, आणि अबकारी करातील फरक त्याहून वेगळा. लांब पल्ल्याच्या ट्रकला एवढी बचत पुरेशी असते. वासरबिलिगची रांग पूर्वीपेक्षा आखूड झाली आहे, मोडलेली नाही.